हौसाबाईंच्या कानातला रातकिडा

बेलपाड्याच्या हौसाबाई धवलारीण. आगरी घरांत लग्नाचे विधी त्यांच्या धवल्याच्या गाण्यांवरच पार पडत. गेल्या वर्षी एका हळदीला त्यांची पाठ नेमकी डीजेच्या स्पीकरकडे आली. उठून जाणं बरं दिसेना, म्हणून बसून राहिल्या. घरी आल्या त्या कानांत दडे घेऊनच.

सकाळी दडे सुटले, पण रातकिडा किरकिरायला लागला. हौसाबाईंनी सुनेला, कादंबरीला, कपाट सरकवायला लावलं, माळा झाडायला लावला. किडा सापडेना. वैतागून अंगणात आल्या, तर तोही सोबत आला. तेव्हा मात्र त्यांनी सुनेला हाक मारली, "किडा घरान नाय गो, माझ्या कानानच हाय!"

कादंबरीनं त्यांना पनवेलला कानाच्या डॉक्टर रुमानांकडे नेलं. तपासणी झाली. डॉक्टरांनी समजावलं, की कानाच्या आत केसांसारख्या नाजूक पेशी असतात, आवाजाबरोबर त्या डोलतात. फार मोठा आवाज आला की वाऱ्यानं भात लोळावं तशा त्या आडव्या होतात. काही पुन्हा उभ्या राहतात, काही नाही. तिथून आवाज येईनासा झाला की मेंदू तो शोधायला स्वतःच व्हॉल्यूम वाढवतो आणि तीच किरकिर ऐकू येते. कदाचित ती पूर्ण जाणार नाही, पण सवयीनं मागे पडेल.

हौसाबाईंचा जीव दुसरीकडेच अडकला होता. "मी धवला म्हनू का नको, येवढं सांग बाय."

"म्हणा की, मावशी," रुमाना हसल्या. "फक्त स्पीकरपासून लांब."

परतीच्या रिक्षातच त्यांनी हलक्या आवाजात सूर लावून पाहिला. सूर जागेवर होता आणि गाताना किडा जाणवतही नव्हता.

पुढे शेजारच्या काळूरामच्या मुलीची हळद निघाली. हौसाबाईंनी त्याला आधीच बजावलं, "धवला व्हईपरत डीजे बंद."

पोरं रुसतील, असं काळूराम कुरकुरला, पण ऐकलं. मांडवात पहिल्यांदाच धवल्याचा शब्द न् शब्द सगळ्यांच्या कानावर पडला. त्यात नवरीच्या मामाची अशी काही फिरकी होती, की मामासकट सगळा मांडव खो खो हसला. मुली पुढे सरकून बसल्या, सोबत गाऊ लागल्या. एक गाणं तर पुन्हा म्हणावं लागलं.

मग डीजे सुरू झाला. डॉक्टरांनी दिलेली बुचं कानांत घालून, कादंबरीचा हात धरून, पार मांडवाबाहेर, रस्त्याच्या कडेला हौसाबाई दमेपर्यंत नाचल्या.