भागीरथीवहिनींचे मेणाचे बोळे

पहिल्या पाळीची माणसं जिना उतरू लागली की भागीरथीवहिनी खालच्या पायरीशी उभ्या असत. हातात वाटी, वाटीत मेण आणि कोकमतेलात मळलेले कापसाचे बोळे. लालबागच्या आमच्या चाळीतले निम्मे पुरुष गिरणीत मागावर होते. मागाला सगळे साचा म्हणत आणि तो चालवणाऱ्याला साचेवाला. एकाही साचेवाल्याला वहिनी तसंच जाऊ देत नसत. “कानात घातलंस मां?” एवढंच विचारायच्या. कुणी हसून मान डोलावली तर त्याची हनुवटी धरून कान उजेडाकडे वळवायच्या.

मी साताऱ्याकडची, नुकतीच लग्न होऊन आलेली. त्यांचं मालवणी मला जरा उशिरा समजे, आणि परक्या पुरुषाची हनुवटी धरणारी बाई तर मी पाहिलीच नव्हती. कारण मला त्यांच्या नवऱ्याकडे, तुकारामभाऊंकडे बघून कळलं. उभं आयुष्य त्यांनी साचेखात्यात काढलेलं. तिथे इतका खडखडाट की शेजारच्याला काही सांगायचं तर हातवारे करायचे. भाऊ घरीही हातवारेच करत. इस्पितळातल्या डॉक्टरांनी वहिनींना स्पष्ट सांगितलं होतं की हे कान आता परत यायचे नाहीत. कोरड्या कापसाने भागत नाही, मेण लावलेला बोळा घट्ट बसवला असता तर कदाचित वाचले असते. त्या दिवशी त्या नुसत्याच घरी आल्या. वाटी हातात घेतली ती पुढे, संचारबंदीच्या एका दुपारनंतर.

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. गिरण्या बंद, रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या. जिनसा आणायला थोडा वेळ मोकळीक मिळाली तेव्हा तुकारामभाऊ पिशवी घेऊन गेले. मधेच कुठे तरी दगडफेक झाली आणि पोलिसांच्या कर्ण्यावरून मोकळीक संपल्याचं ओरडून सांगितलं गेलं. रस्ता क्षणात रिकामा झाला. त्या रिकाम्या रस्त्यावरून भाऊ मान खाली घालून सावकाश चालत येत होते.

नाक्यावरच्या पोलिसांनी हटकलं. भाऊ चालतच राहिले. पुन्हा हटकलं. एकाने बंदूक खांद्याला लावली. आम्ही सगळे गॅलरीतून बेंबीच्या देठापासून हाका मारत होतो आणि ते मान वर करत नव्हते. माझ्या बाजूला वहिनी होत्या. बघते तर नाहीत. अनवाणी रस्त्यावर पोचल्या होत्या, दोन्ही हात वर करून बंदुकीच्या आणि भाऊंच्या मधे उभ्या राहिल्या होत्या.

“सायबानू, तेंका ऐकाक येणा नाय,” त्या म्हणाल्या. “साच्यावर कान गेले तेंचे.”

बंदूक खाली आली. पण मागून धावत आलेल्या शिपायाची काठी तोवर भाऊंच्या पाठीत बसली होती. भाऊंनी शिपायाकडे पाहिलंच नाही. काय झालं ते कळावं म्हणून ते वहिनींच्या ओठांकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या पाठीला हळद लावताना वहिनी मला म्हणाल्या, “मारल्यानी त्याचा काय नाय गो. माझी हाक तेंका पोचली नाय, त्याचा दुखता.”

गिरण्या सुरू झाल्या आणि वहिनी जिन्याशी उभ्या राहू लागल्या. पुरुष चेष्टा करत, कोपऱ्यावर जाऊन बोळे काढून टाकत. आमचे हे मात्र ठेवत. आठवडाभरात साचेखात्याच्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, यांचे कान पाहिले आणि साच्यावर उभं न करता घरी पाठवलं. जॉबरचं म्हणणं, कानात बोळे घातले तर साच्याचा आवाज बिघडलेला कळणार कसा? पुन्हा दिसले तर कायमचं घरी बसवीन, अशी धमकीही दिली. चाळीतल्या बायका वहिनींवर उखडल्या. तुझ्या नवऱ्याचे कान गेले म्हणून आमच्या चुली विझवणार का, असं एकीने तोंडावर विचारलं. संध्याकाळी वहिनी मला म्हणाल्या, चल गो माझ्यावांगडा.

पाळी सुटण्याच्या वेळी आम्ही दोघी गिरणीच्या फाटकाशी गेलो. जॉबर बाहेर आला, पानवाल्याच्या ठेल्याशी थांबला. आजूबाजूला साचेवाले जमू लागले. आता भांडण होणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी त्याच्या मागे दोन हातांवर जाऊन थांबल्या आणि साध्या, घरात बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, “रामजीभाऊ.” तो पान लावून घेत होता. त्या पुन्हा म्हणाल्या, “रामजीभाऊ.” पानवाल्याने वर पाहिलं. जॉबरने नाही.

मग वहिनींनी त्याच्या दंडाला हात लावला. तो दचकून वळला. त्या अगदी जवळ गेल्या आणि ओठ नीट हलवत, माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, “दोनदा हाक मारलंय मी तुका.”

जॉबरचा चेहरा उतरला. बहिऱ्या जॉबरला गिरणी ठेवत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि त्यालाही. त्याने हलकेच विचारलं, कुणाला सांगणार आहात का. वहिनींनी नकारार्थी मान हलवली. मग आपल्या कानाला बोट लावलं आणि जमलेल्या साचेवाल्यांकडे नजर टाकली, एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून गिरणीत कुणाचे कान कुणी पाहिले नाहीत. परवानगी अशी कधी मिळाली नाही. वहिनींनीही त्या संध्याकाळचं चाळीत अवाक्षर काढलं नाही. मीसुद्धा हे आज, तो जॉबर, वहिनी, भाऊ, सगळे गेल्यावर लिहिते आहे.

पुढे गिरणीने भाऊंना काढलं आणि दोघं भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी गेली. आमचे हे त्याच खात्यातून निवृत्त झाले. अजून शेजारच्या खोलीतला रेडिओ मोठा झाला की कुरकुरतात.

वहिनी गेल्याचं त्यांच्या पुतण्याने येऊन सांगितलं. दुपारी आतल्या खोलीत पडल्या होत्या, तिथेच गेल्या. भाऊ बाहेर खळ्यात, दारापुढच्या अंगणात, सुपाऱ्या सोलत बसले होते. पुतण्या म्हणाला, काकीने हाक मारली असेल की नाही, कोण सांगणार? काका संध्याकाळपर्यंत सोलतच होते.