बसूअण्णांची काच

बसूअण्णा कुठल्याही अंधाऱ्या जागेत शिरताना आधी कॅमेरा डोळ्याला लावायचे आणि मगच पाऊल आत टाकायचे. लग्नाचं कार्यालय असो, तालीम असो, नाहीतर आमच्या लॅबकडं येणारा बोळ असो. उंबऱ्याशी थांबायचे, कॅमेरा वर, डावा हात लेन्सच्या कड्यावर, आणि मग चालायला सुरुवात. बघणारे हसायचे. "अण्णा, वाट बी फोटूतनंच बघताय व्हय?" असं कोणीतरी म्हणायचंच. अण्णा कॅमेरा खाली न घेता म्हणायचे, "तुमच्या डोळ्यांनी तुमी बघा, आमच्या आमी बघतो की!" त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण ती चाल आठवली की मला हसू येत नाही, अंगावर काटा येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी लक्ष्मीपुरीतल्या एका कलर लॅबमध्ये प्रिंटिंग मशीनवर होते. गावातले फोटोग्राफर रोल आणून टाकायचे, आणि कोणाचं काय चाललंय हे मला त्यांच्या बायकांच्या आधी कळायचं. कोणाचा हात थरथरायला लागलाय, कोणी दुपारीच घेतलीय, सगळं निगेटिव्हवर येतं हो! त्यात बसूअण्णांचा रोल आला की मी जरा निवांत बसून बघत असे. अण्णा मुरगूडकडचे लिंगायत. कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं कानडी वळणाचं. नमस्कार म्हणून दारातूनच "शरणार्थ, अक्का!" अशी हाक यायची. माझ्याहून वयानं चांगले मोठे असूनही ते मला अक्काच म्हणायचे.

फ्लॅशचा त्यांना मनस्वी तिटकारा. "फ्लॅश मारला की माती मरतीया," असं ते तालमीतल्या फोटोंबद्दल म्हणायचे. एक मिणमिणता बल्ब, कुस्तीच्या हौद्यातली तांबडी माती, घामानं निथळणारे पैलवान. त्या बल्बच्या उजेडात अण्णा असे फोटो काढायचे की झटापटीत उडालेली धूळसुद्धा प्रिंटवर दिसायची. "उजेड थोडाच असतोय, अक्का. त्यो हावरटावाणी गोळा करायचा असतोय."

मग मिरजेच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. कडेची नजर गेलीय ती परत येणार नाही. मधली उरलीय ती ऑपरेशन करून राखू, पण लवकर या. गौराक्का, म्हणजे अण्णांची बायको, लॅबच्या पायरीवर बसून रडत रडत मला हे सांगून गेली. तिनं ऑपरेशनसाठी पैसे बाजूला काढले होते. अण्णा ते घेऊन मुंबईला गेले आणि परत आले ते लेन्स घेऊन.

एक पॉइंट दोनची लेन्स. म्हणजे तिचं तोंड एवढं मोठं की साध्या लेन्सच्या कितीतरी पट उजेड आत घेणार. लोकांची मोटारसायकल येते तेवढ्यात अण्णांनी मुठीएवढी काच आणली होती. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय! मी तोंडावर म्हणाले, "अण्णा, डोळा ऱ्हायला बाजूला, आन् काच कसली आणताय?"

"डोळ्यावर सुरी फिरवून घिऊ? आन् ऐन लग्नसराईत घरात बसू?" अण्णांनी लेन्स धोतराच्या सोग्यानं पुसली. "ह्योच आता माझा डोळा. ह्यातनं बघितलं की दिवाळी हाय नुसती, दिवाळी!"

आमच्या लॅबच्या मागं एक अंधारी खोली होती, कागदाचे खोके ठेवायची. तिथं नेऊन त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. मी लेन्समधून बघितलं. नुसत्या डोळ्यांनी मला ते खोके, भिंतीवरची ओल, खिळ्याला टांगलेली पिशवी, सगळं दिसत होतं. लेन्समधून तेच जरा काळवंडलेलं दिसलं.

"दिवाळी हाय का न्हाय?"

"न्हाय, अण्णा. मला भाईरच जास्त दिसतंय."

"तुला फोकस लावता येत न्हाय," अण्णा हसले. माझ्या मनात पाल चुकचुकली. ज्याला या काचेतून जास्त दिसतं, त्याला बाहेर किती कमी दिसत असेल! मी त्याच दिवशी गौराक्काच्या कानावर घातलं. ती बिचारी काय करणार? "मिरजेला कधी जायचं?" असं ती विचारायची, आणि "सीझन संपू दे" हे उत्तर ठरलेलं. सीझन संपायचा, दुसरा यायचा. पालथ्या घड्यावर पाणी.

असली लेन्स पूर्ण उघडली की फोकस केसाएवढा पातळ होतो. नवरीचा डोळा लख्ख आला तर कान पुसट होतो. पहिल्या लग्नसराईत अण्णांचा फोकस बरोबर डोळ्यावर असायचा. मग तो कानातल्या झुब्यावर यायला लागला. पुढं पुढं नवरी धुक्यात, आणि तिच्या मागच्या मांडवाच्या कापडाची वीण मात्र स्वच्छ. गिऱ्हाइकं म्हणायची, काय कला आहे! मी मात्र मशीनवर बसून त्या माणसाची नजर तोंडावरून घसरत घसरत भिंतीकडं जाताना बघत होते. मला भीती वाटायची, आणि राग पण यायचा. सांगायला गेलं की अण्णा म्हणायचे, "उजेड कमी हुता गं."

अशात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या मालकांनी कॅलेंडरसाठी फोटो सांगितले. वितळलेल्या लोखंडाचा रस साच्यात ओततात, त्याचे. अण्णा हरखून गेले. गौराक्का माझ्याकडं आली. "तू जा गं बाई संगं. एकट्याला धाडायला जीव धजत न्हाय." मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दुपारचं रणरणतं ऊन, आणि शेडमध्ये पाऊल टाकलं की काळोख. जळक्या वाळूचा वास, भट्टीत वारा फुंकणाऱ्या ब्लोअरची घरघर. ओतकाम करणारा शंकर नावाचा गडी चांगला मोकळा माणूस होता. त्यानं जमिनीवर खडूनं रेघ मारली. "पावणं, काय काढायचं ते हिच्या अलीकडनं काढा. पलीकडं आमची वाट हाय." अण्णा "बरं, बरं" म्हणाले. मी त्यांचं कोपर धरलं, ते त्यांनी झटकलं. "सोड की! फोटू हलतोय."

शंकर आणि त्याचा जोडीदार रसाचं भांडं दांड्याला धरून निघाले. अख्खी शेड केशरी झाली. अण्णांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि एक पाऊल पुढं टाकलं. मग आणखी एक. खडूची रेघ त्यांच्या चपलेखाली गेली.

"अण्णा, मागं या!" मी ओरडले. ब्लोअरच्या घरघरीत माझा आवाज बुडून गेला.

"ओ पावणं! थांबा! थांबा म्हंतोय न्हवं!" शंकर बोंबलला. त्याच क्षणी अण्णांनी बटण दाबलं. त्यांच्या अंगावर जाऊ नये म्हणून शंकरनं दांडा पिळला, भांडं हिंदकळलं आणि रस त्याच्या पायावर सांडला. ती किंकाळी मी मरेपर्यंत विसरणार नाही.

अण्णांनी कॅमेरा खाली घेतला. चेहऱ्यावर समाधान. "झ्याक आला बघ, अक्का!" मग मान वाकडी करून म्हणाले, "कोण वरडतंय गं?" शंकर त्यांच्या डाव्या हाताला, वाकलं तर हात लागेल एवढ्यावर पडला होता.

शंकर वाचला. पाय बरा व्हायला अख्खा पावसाळा गेला, आणि चालण्यात लंगडेपणा राहिला तो राहिलाच. अण्णा रोज त्याच्याकडं दवाखान्यात जाऊन बसायचे, गौराक्का हात धरून न्यायची. मिरजेचं ऑपरेशनही झालं शेवटी, पण राखण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. स्टुडिओ बंद झाला. हे सगळं नंतरचं. मला अण्णा म्हटलं की त्या घटनेचा दुसरा दिवस आठवतो.

तो रोल मी स्वतः प्रिंट केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा फोकस तोंडावर होता. शंकरच्या भुवईवरचा घाम, वासलेलं तोंड, सरळ आपल्याकडं बघणारे डोळे. अण्णा आले, प्रिंट घेतला आणि खिडकीशी गेले. नाकाला टेकेल इतका जवळ धरला, मान इकडं तिकडं केली.

"रस दिसतोय. झळाळतोय नुसता," ते म्हणाले. "माणूस कुठं हाय?"

मी त्यांचं बोट धरून शंकरच्या तोंडावर ठेवलं.

"तोंड उघडं हाय?"

"व्हय."

"काय म्हंतोय?"

"थांबा म्हंतोय, अण्णा. तुमालाच."

अण्णा बोट तसंच ठेवून उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला दिसलाच न्हाय गं, अक्का. समोर हुता, आन् मला दिसला न्हाय."