विभाचा नवरा कुठवर आला

गीतांजलीला कुणी लेखिका म्हटलं की ती आधी मागे वळून बघते, दुसरी कुणी आली की काय म्हणून. हिवरखेडला बसस्टॉपजवळ तिचं हारफुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक लाकडी पाट, त्यावर ओलं गोणपाट आणि गोणपाटावर झेंडू, शेवंती, निशिगंध. गिऱ्हाईक असलं की हातात सुई-दोरा, नसलं की मांडीवर मोबाइल. त्या मोबाइलवर ती गोष्ट लिहिते. तिच्या गोष्टीची वाट बघणारे वाचक पार नांदेड-कोल्हापूरपर्यंत आहेत, आणि पुढच्या ओळीत काय येणार हे या बाईला स्वतःलाच माहीत नसतं, याचा त्यांच्यातल्या एकालाही पत्ता नाही.

मला आहे. मी पौर्णिमा, तिची बालमैत्रीण. लग्न होऊन अकोल्याच्या जुन्या शहरात आले आणि तिथंच शिवणकामाचं दुकान टाकलं. मीही मोबाइलवर गोष्टी लिहिते, पण रीतसर लिहिते. ब्लाऊज असो की गोष्ट, खडूची रेघ मारल्याशिवाय मी कात्री लावत नाही. शेवट ठरला नसेल तर पहिला शब्द लिहीत नाही. गीतांजलीचं म्हणणं, शेवट आधीच माहीत असेल तर लिहायचं कशाला, सरळ झोपावं. यावरून आमचं भांडण वर्षानुवर्षं चालू आहे आणि दोघींनाही त्यावाचून करमत नाही.

या सगळ्याचं मूळ लोडशेडिंगमध्ये आहे. आम्ही कॉलेजात जायच्या वयाच्या होतो तेव्हा संध्याकाळी टीव्हीवर 'काचेची माडी' नावाची मालिका लागायची. मुंबईतलं श्रीमंत घर, सोशिक सून विभा आणि परदेशात जाऊन बेपत्ता झालेला तिचा नवरा यशोधन. आमच्या आळीत रंगीत टीव्ही होता तो आशाकाकूंकडे. खुशालराव काका वारले होते, मुलगा किशोर अमरावतीला शिकत होता, आणि एवढ्या मोठ्या घरात काकू एकट्या. म्हणून त्या सगळ्या आळीला हाक मारून बोलवायच्या. आम्ही दाटीवाटीनं बसायचो, मालिका ऐन रंगात यायची आणि वीज जायची. मग वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बाया ओट्यावर येऊन बसायच्या.

अशाच एका अंधारात गीतांजली म्हणाली, पुढं काय झालं ते मी सांगते. ती आपली आई गंगूबाई हिच्याबरोबर यायची आणि येताना फुलांची टोपली आणायची, कारण हार ओवायला तिला उजेड लागत नसे. हातानं झेंडू ओवत तिनं तोंडानं विभाची गोष्ट ओवली. सासूनं विभाला काय म्हटलं, विभानं काय उत्तर दिलं, आणि तेवढ्यात दारावर थाप कशी पडली. वीज आली तरी कुणी उठलं नाही. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर बघतो तर प्रकार निराळाच. आशाकाकूंनी क्षणभर विचार केला आणि निकाल दिला, "टीव्हीवाल्यायनं चुकवलं. आपल्या गीतानं सांगतलं तेच खरं हाये."

तेव्हापासून बाया वीज जायची वाट बघायला लागल्या. टीव्हीतली विभा काट्याचमच्यानं नाश्ता करायची. गीतांजलीची विभा चुलीत वांगं भाजून भरीत करायची आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा खायची. तिची मुंबईची सासू "काहून वं, आता येऊन राहिली का?" असं विचारायची. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पुष्कळ वर्षांनी गीतांजलीच्या लेकीनं, करिश्मानं, तिला मोबाइलवर लिहायला शिकवलं आणि सांगितलं की आई, तू करतेस त्याला फॅन फिक्शन म्हणतात. गीतांजलीनं घाबरून विचारलं होतं, त्याले दंड पडते का?

बिनआखणीच्या कामात उसवणं आलंच. एकदा तिनं विभाच्या सासऱ्याला वाजतगाजत मारलं, बायांनी डोळे पुसले, आणि पुढच्या आठवड्यात तोच सासरा अंगणात बसून चहा मागायला लागला. मी तिथल्या तिथं तिला पकडलं. गीतांजलीचं तोंड उतरलं. पण आशाकाकू शांतपणे म्हणाल्या, जुळा भाऊ असन त्याचा, चाल, पुढं सांग. तो जुळा भाऊ मग कितीतरी दिवस आमच्या ओट्यावर सुखानं नांदला.

खरं तर हिचा हा स्वभाव मला लहानपणी भुलाबाईत, म्हणजे आमच्याकडच्या भोंडल्यातच, कळायला हवा होता. भुलाबाईची गाणी झाली की खिरापत ओळखायची असते. झाकलेला डबा कानाशी हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत काय आहे ते सांगायचं. आमच्या आळीचा नियम असा, की जिनं ओळखली तिनंच डबा उघडायचा. मी आदल्या दिवशी ठरवून खिरापत करायची आणि कुणाला पत्ता लागू द्यायची नाही. गीतांजलीचा डबा मात्र कधीच ओळखू येत नसे. एकदा काकूंनी झाकण उचललं तर आत नुसते चार फुटाणे. ही बया आमचे अंदाज ऐकायची, त्यातला सगळ्यात चविष्ट अंदाज पकडायची आणि घरी धावत जाऊन आईकडून ते करवून आणायची. काकू तिला रागावल्या नाहीत. पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

मग एक दिवस 'काचेची माडी' अचानक बंद झाली. विभा तशीच दारात उभी, यशोधन तसाच बेपत्ता, आणि त्याच वेळेला दुसरी कसलीशी मालिका सुरू. सारा महाराष्ट्र विभाला महिनाभरात विसरून गेला. आमच्या ओट्यावर ती राहिली, आळीचीच लेक होऊन. दिवेलागण झाली की आशाकाकू विचारायच्या, कुठवर आला वं जावई? आणि गीतांजली यशोधनला थोडा पुढं आणायची. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण आम्ही ऐकली होती, पण हा नवरा निराळाच. बडनेऱ्यापर्यंत यायचा आणि खिसा कापला म्हणून परत फिरायचा. एकदा तर अकोटच्या बसस्टँडवर उतरला होता, तिथून चुकीच्या बसमध्ये बसून परतवाड्याला गेला. बाया चडफडायच्या. मी गीतांजलीला म्हणायची, अगं, एकदाचा आण त्याला घरी आणि संपव. ती म्हणायची, तो घरी आला की ओट्यावर कोन येईन?

तो आला नाही तरी ओटा रिकामा झालाच. माझं लग्न झालं, लोडशेडिंग कमी झालं, घरोघरी टीव्ही आले. गंगूबाई गेल्या. गीतांजलीला हिवरखेडमध्येच दिलं होतं, तेही माहेरच्याच आळीत, म्हणून ती राहिली. शेवटी ऐकणाऱ्या एकट्या आशाकाकू उरल्या. दुकान आवरून गीतांजली घरी जाताना त्यांच्याकडे थांबायची, आधी त्यांना सांगायची आणि मग तेच मोबाइलवर लिहायची. मला अजूनही संध्याकाळी मशीन थांबवलं की तो ओटा आठवतो, झेंडूचा वास आणि अंधारातून येणारा तिचा आवाज. इतकं सुख नंतर कशात मिळालं असं सांगता येत नाही.

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे फारच धरले. शेत आधीच ठोक्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर कसायला, दिलेलं होतं. किशोरनं ठरवलं की आता आईनं अमरावतीला त्याच्याकडे यायचं. मुलगा वाईट नाही, सूनही समजूतदार, त्यामुळे नाही म्हणायला काकूंना जागाच नव्हती. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं. काकूंनी गीतांजलीला एवढंच सांगितलं, "मी जाऊन राहिली आता. जायाच्या आंधी जावयाले घरी आन. मले त्याची चिंता घेऊन जायाचं नाही."

गीतांजलीनं मला फोन केला. पौर्णिमा, मले शेवट आखून दे, म्हणाली. हे वाक्य ऐकायला मी निम्मं आयुष्य घालवलं होतं, पण तिचा आवाज ऐकून मला आनंद झाला नाही. काकू गोष्ट अर्धी टाकून गेल्या तर हिला ते जन्मभर खुपणार होतं. मी दोन दिवस आधीच हिवरखेडला गेले, कापडाच्या मापाचा खाकी कागद पसरला आणि सगळं आखलं. यशोधन पहाटेच्या बसनं येतो, इतकी वर्षं कुठं होता ते सांगतो, सासू माफी मागते, विभा क्षमा करते, सगळे एका पंगतीत जेवतात. कुठं सुरकुती नाही की झोल नाही. गीतांजलीनं परीक्षेसारखं पाठ केलं.

कोजागिरीला काकूंच्या अंगणात दूध आटत ठेवलं. जावई आज घरी येतो ही बातमी गावभर झाली होती, त्यामुळे जुन्या बाया आल्या, काही नातवंडं घेऊन आल्या. पोरींनी भुलाबाईची गाणी म्हटली. चंद्र लिंबाच्या वर आला आणि गीतांजलीनं सुरुवात केली. तिनं सगळं बरोबर सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही. पण ती सांगत नव्हती, म्हणून दाखवत होती, आणि तिचे हात मांडीवर रिकामे पडले होते. यशोधननं फाटकाला हात लावला तेव्हा खुर्चीतून काकू म्हणाल्या, थांब.

"खिरापत ओळखली म्या," त्या म्हणाल्या. "आता हा माफी मागन, ती रडन, अन् सारे जेवाले बसतीन."

गीतांजलीनं माझ्याकडे बघितलं. मी पातेल्यातल्या दुधाकडे बघितलं. माझ्या आखणीची अशी चारचौघांत वासलात लागली होती. थोड्या वेळानं गीतांजली उठली आणि काकूंच्या पायाशी जाऊन बसली. म्हणाली, ओळखली न काकू, मंग डबा तुमीच उघडा.

 काकूंनी आपल्याच घराच्या दाराकडे पाहिलं.

"त्याले दाराले कुलूप दिसते," त्या म्हणाल्या. "इतके वर्सं ती घरात बसूनच राहीन का? गेली असन कुठीसा. जा लागते मानसाले. किल्ली शेजारनीपाशी हाये. शेजारीन त्याले म्हनते, बस बाबा ओट्यावर. आजलोक तिनं वाट पायली, आता तू पाय. येईन ती."

एका बाईनं पदर डोळ्याला लावला. मला तर हुंदकाच आला, आणि तो मी लपवलाही नाही. दूध उतू गेलं तेव्हा सगळ्या भानावर आल्या.

सकाळी किशोर गाडी घेऊन आला. सामान चढलं. काकूंनी स्वतः दार ओढलं, कुलूप लावलं, हिसका देऊन पाहिलं. किशोरनं किल्लीसाठी हात पुढं केला होता. काकूंनी ती गीतांजलीच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसल्या. किशोर माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला म्हटलं, असू दे, ते गोष्टीतलं आहे.

तेव्हापासून मोबाइलवरच्या गोष्टीत यशोधन ओट्यावर बसून आहे. निम्मे वाचक चिडलेत, निम्म्या बाया म्हणतात बरं झालं, बसू दे. आणि विभा वाटेवर आहे. रोज दिवे लागले की अमरावतीहून फोन येतो, कुठवर आली वं विभा? सुरुवातीला विभा अमरावतीतच अडकली होती. हिवाळाभर हलायलाच तयार नव्हती. मग गीतांजलीनं तिला वलगावपर्यंत आणलं, तिथं एका मळ्यात काही दिवस ठेवून घेतलं. मग दर्यापूर. मी न राहवून विचारलं, बाई, हिला घरी कधी पोचवायचं काही ठरवलंय का? गीतांजली म्हणाली, मले काय माहीत, काकूचे गुडघे सांगतीन तसं. ज्या दिवशी काकू फोनवर जिना उतरून खाली गेल्याचं सांगायच्या, त्या दिवशी विभाला बस मिळायची. दुखणं वाढलं असलं की विभाची बस पंक्चर व्हायची.

परवा संध्याकाळी नेहमीसारखा फोन आला. गीतांजलीनं सांगितलं की विभा अकोटला उतरली आहे, हिवरखेडची बस फलाटाला लागली आहे. पलीकडून काकू म्हणाल्या, "तिले म्हना, बसू नोको त्या बसमंदी. तिथंच थांब म्हना. मी किशोरले सांगतलं हाये, आयतवारी येऊन राहिली मी. संगंच जाऊ."

हे मला सांगताना गीतांजलीला धड बोलता येत नव्हतं. रडत होती की हसत होती कोण जाणे. शेवटी तिनं विचारलं, पौर्णिमा, आता आज पुढचं काय लिहू वं मी? मी म्हटलं, आज काही लिहू नकोस. आधी त्या कुलपात तेल घाल.