पाहुण्यासमोर शहाणा बोर्ड

आमच्या अंबड एमआयडीसीतल्या गाळ्यात किस्से सोल्डरच्या थेंबांसारखे साचत. झाडून काढले तरी दुसऱ्या दिवशी चपलेला चिकटलेले असत! काही अजून निघालेले नाहीत.

दोन हजारनंतरची पहिली वर्षं. परदेशात शिकून मी नाशिकला परतलो होतो, लिनक्स या संगणक प्रणालीवर चालणारं यंत्र इथेच बनवायचं या ध्यासाने. गाळा बापूंचा, त्यांचं आयुष्य व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवण्यात गेलेलं. सर्किट बोर्डाचं डिझाइन आमच्या इंजिनिअर वैशालीचं, त्यातलं लिनक्स माझं. लासलगावच्या मार्केट यार्डात वजनकाट्यावर ट्रॅक्टर चढला की वजनाचा मोठा आकडा लांबून दिसावा, एवढंच त्या बोर्डाचं काम. पण तो चालता चालता गपकन अडकायचा. आणि यार्डातली चाचणी तर ठरलेली! ती फसली की बापू पुन्हा स्टॅबिलायझरकडे आणि मी पुन्हा विमानात, हे माझ्या आईनेही गृहीत धरलं होतं.

*

दोष शोधायला कुठलं साधन घ्यायचं, यावर रोज वाद. मी जेटॅग डीबगरच्या बाजूने.

"बापू, छोटीशी डबी असते. बोर्डाला जोडली की प्रोसेसर हवा तिथे थांबवता येतो. आत काय चाललंय ते दिसतं."

"म्हणजे सोनोग्राफी."

"साधारण तसंच."

"आणि वैशाली म्हणते ती सिरीयल केबल?"

"त्यातून बोर्ड स्वतःच कळवतो, मी इथपर्यंत आलो म्हणून."

"म्हणजे पेशंट बोलतोय, पण तुला ऐकायचं नाही. डायरेक्ट सोनोग्राफी! तू तिकडे डॉक्टरकी शिकलास की काय?"

*

पेशंट बोलायचा, पण ऐन अडकण्याच्या क्षणी गप्प. मग वैशालीने बझर बसवला. बोर्ड अडकला की भोंगा!

दुपारी शेजारच्या पत्र्याच्या प्रेस शॉपचे मालक तणतणत आले. "मॅडम, तुमचा बोर्ड बंद पडला की माझी माणसं मशिनी बंद करून डबे उघडतात! सकाळपासून नुसती जेवतायत!"

*

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. तो कोलमडला की 'कर्नल पॅनिक'. एकदा मी दारात उभा राहून पुण्याच्या मित्राला फोनवर ओरडून सांगत होतो, "कर्नल पॅनिक होतोय रे! सारखा पॅनिक होतोय!"

आमचे वॉचमन देवळालीच्या छावणीतून रिटायर झालेले सुभेदार. ते ताठ उभे राहिले. "सर, कर्नलसाहेब पॅनिक होत नसतात."

मग जवळ येऊन, हळूच, "झाले तरी फोनवर सांगायचं नसतं!"

*

शेवटी त्या मित्राकडून जेटॅगची डबी उसनी आणली. जोडली, आणि बोर्ड अडकेचना! काढली की अडकला. पुन्हा जोडली, पुन्हा सुरळीत.

"निखिल," वैशाली म्हणाली, "तुझी सोनोग्राफी चालू असेपर्यंत पेशंट ठणठणीत!"

"पाहुणे बसलेत ना समोर," बापू म्हणाले. "पोरगं शहाण्यासारखं वागतंय. पाहुणे उठले की धिंगाणा!"

आम्ही एकेक तार तपासली. पत्ता लागेना. चाचणीचा दिवस मात्र आला.

"पाहुण्यांनाही गाडीत घ्या," बापू म्हणाले.

*

लासलगावात काट्यावर कांद्याच्या ट्रॉल्या चढत होत्या. वर आमचा लाल आकडा झळकत होता. खाली डबी लोंबकळत होती.

एक व्यापारी निरखून बघू लागले. "हे काय लटकून राह्यलंय?"

"हात नका लावू शेठ," बापू घाईघाईने म्हणाले. "पाहुणा आहे तो."

"पाव्हणा हाय? मग असा टांगून काय ठेवला? जेवायला उठवा की त्याला!" म्हणत शेठनी डबी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली.

वैशालीने डोळे मिटले. ट्रॉली उतरली, दुसरी चढली. आकडा बदलला. तिसरी चढली. आकडा बदलला. यार्ड रिकामं होईस्तोवर आकडा बदलत राहिला.

परतताना गाडी बापू चालवत होते. मी म्हणालो, "बापू, डबी नव्हती. तरी कसा चालला?"

बापूंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"अरे, तिथं बोर्डच पाहुणा होता ना!"