ताईचा अभ्रक

कागदावर अभ्रक कसा चढवायचा, ते मला ताईनं शिकवलं. आमच्या गावी जयंतीच्या मिरवणुकीसाठी ती कागदाची कमळं करायची. अभ्रक पाट्यावर वाटायचा, जुन्या लुगड्यातून चाळायचा. कागदाला बाभळीच्या डिंकाचं पातळ पाणी लावून वर ती पूड भुरभुरायची. मग डिंक ओला असतानाच तळहातानं बरीचशी पुसून टाकायची. मी कुरकुरलो की म्हणायची, "येडा हाये काय बापू? सारंच चमकलं तं लग्नातला बँडवाला दिसते. कलतं पाह्यलं, तवाच दिसाले पायजे."

पुढे ती आसेगावला सासरी गेली आणि मी वाशीमला कॉलेजात. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. एकदा ती दवाखान्यासाठी वाशीमला आली, तेव्हा भाकरी-ठेचा घेऊन माझ्या खोलीवर आली. सोबतच्या मुलांनी विचारलं, कोण आहे? मी म्हणालो, "गावाकडची बाई आहे. निरोप घेऊन आली."

ती दारातच उभी होती. तिनं भाकरीचं फडकं खाटेवर ठेवलं. "बरं भाऊसाहेब, येतो मी. मोटर निंगून जाईन." तोवर तिनं मला बापूशिवाय कधी हाक मारली नव्हती.

नव्या वर्षाला वर्गातली मुलं एकमेकांना ग्रीटिंग देत. मी एक ताईसाठी केलं. दुमडलेल्या जाड कागदावर कमळ, त्यावर तिच्याच रीतीनं अभ्रक. आत लिहिलं, ताई, माझं चुकलं. तिला वाचता येत नव्हतं, पण भाऊजींना येत होतं. पोस्टानं पाठवलं. उत्तर आलं नाही. राग गेला नसावा असं वाटलं, आणि तिच्यासमोर जायचा मला धीर झाला नाही.

उन्हाळ्यात ती तापानं गेल्याचा निरोप आला.

मातीनंतर भाऊजींजवळ बसलो, तर समोरच्या भिंतीवर माझं ग्रीटिंग. खळ लावून चिकटवलेलं, मिटलेलंच.

मी कसंबसं विचारलं, "आतलं वाचून दाखवलं होतं तिला?"

"आतलं?" भाऊजी उठून उभे राहिले. "त्याच्या आत काही होतं? आमाले वाटलं, कागदच जाड हाये. आल्याबरोबर तिनं खळ शिजवली. मी म्हनलो, संदुकीत ठेव. तं म्हने, संदुकीत ठेवाले तुमच्या बहिनीनं केलं काय? माह्या भावानं केलं, भितीवरच पायजे."

त्यांनी कडेला नख लावलं. "काढून पाहू काय?" कोपऱ्याबरोबर मातीचा पोपडा सुटून आला.

"राहू द्या."

"चिकटवल्यावर ते चमकेना," ते म्हणाले. "मंग दार उघडलं का उंबऱ्यापाशी उभी राहून मान वाकडी करे. म्हने, पाहा, पुसाचं इसरला नाही."

ते बाहेर गेल्यावर मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो. मान वाकडी केली, तरी काही दिसेना. ताई माझ्यापेक्षा ठेंगणी होती. मग मी गुडघे थोडे वाकवले.