बाबगोंडाच्या नावानं एक पाटी माती

लढाई संपली, मी फौजेतून सुटलो, तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक होती आणि बाबगोंडाचं एक काम. बाबगोंडा पलटणीतला माझा दोस्त, कवठे महांकाळकडचा. त्याची सुटका अजून व्हायची होती. "आमच्या गावच्या पहिल्या घरावर माझ्या नावानं पाटीभर माती टाक, गड्या," एवढंच त्यानं निघताना सांगितलं. पावसाला महिना होता, म्हणून लगेच निघालो.

लोणंदला गाडीत चढलो ते आमच्या उसाच्या रानातली काळीभोर माती पोत्यात भरूनच. टाकायचीच तर चांगली टाकावी! मिरजेला छोटी गाडी धरावी लागते. ती इतकी सावकाश, की वाटेत उतरून तंबाखू मळावी आणि पुन्हा चढावं. तुम्ही जाणार असाल तर प्यायचं पाणी बरोबर घ्या, आणि कवठे महांकाळला उतरलात की बैलगाडी लवकर गाठा. गाव जैन शेतकऱ्यांचं, दिवस मावळला की जेवण बंद. मी पोचलो तेव्हा सूर्य टेकलाच होता. भाकरी आणि शेंगांची चटणी जेमतेम वेळेत हाती लागली.

भाकरी देणारे आप्पा म्हणजे त्या पहिल्या घराचे आजचे राखणदार. घर तीनच खणांचं, दगडमातीचं, वर मातीचं सपाट धाबं.

"आमचा मूळ पुरुष आदगोंडा. दोन बैल घिऊन ह्या माळावर आला," आप्पा सांगू लागले. "आदी हीर पाडली, मग ह्ये घर. मागनं जे जे आले, ते आपलं घर हुईस्तवर हितंच ऱ्हायले."

म्हणून धाब्याचे घोंगडीएवढे तुकडे गावानं वाटून घेतलेत. दर उन्हाळ्यात ज्यानं त्यानं आपल्या तुकड्यावर माती टाकून चोपायची. घर टिकलंय ते असं.

आत मधल्या तुळईखाली गळतीसाठी मडकं ठेवलेलं दिसलं. तुळई काळी पडलेली, बोट लावलं तर भुसा गळाला. वर नेमका बाबगोंडाचा तुकडा होता. त्याच्या घरात मागं कुणी नाही, त्यामुळे तो लढाईवर गेल्यापासून तिथं माती पडली नव्हती.

"आवं आप्पा, तुमीच टाकायची की पाटीभर!"

"दुसरं कवा टाकत्यात? ज्याचं घरच बुडालं, त्याच्या तुकड्यावर. आमी टाकली असती तर त्यो मेला असं झालं असतं." ते मडक्याकडे बघत राहिले. "ही तुळई अवंदाचा पाऊस काय काढत न्हाई. पर माती टाकावी कशी?"

मला गलबलून आलं. म्हटलं, तो ठणठणीत आहे, त्यानंच मला पाठवलंय. आप्पांनी डोळे पुसले आणि मला आणखी एक भाकरी वाढायला सांगितली. सूर्य बुडालाय, हे सुनेनंच त्यांच्या लक्षात आणून दिलं.

सकाळी मी ऐटीत पोतं सोडलं. जमलेली माणसं हसायलाच लागली.

"हवालदार, काळी माती रानाला! धाब्यावर ती भेगाळती अन् पानी सरळ घरात. हितं पांढरीच लागती."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! माझी माती परसातल्या दोडक्याच्या वेलाला गेली. तुळईला टेकू दिला, जुन्या पडक्या वस्तीवरची पांढरी माती आणून चाळली, आणि दुपारपर्यंत मी तो तुकडा चोपत होतो. प्रत्येक पाटीला आप्पा खालून मोठ्यानं म्हणायचे, "बाबगोंडाची!"

घरी आलो, खांदे आठवडाभर दुखले. पण मन भरून आलं होतं. श्रावणात आप्पांचं कार्ड आलं: घर कोरडं आहे, मडकं उचललं, दोडकी लय लागलीत. ते मी बाबगोंडाला धाडून दिलं.

त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. "सुटका झाली. आता माझ्या तुकड्याला हात लावू नकोस."