न गळलेली शिवण

त्याला सगळे इंचभाऊ म्हणायचे. नळाचं कुठलंही काम असो, तोंड उघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं : "एका इंचाचा प्रश्न आहे, करून टाकू." मोरीचा उतार असो की गच्चीवरची टाकी, त्याच्या हातचं काम सहसा परत करावं लागत नसे. आणि हे तो स्वतःच चारचौघांत सांगत असे.

दातांच्या डॉक्टरीणबाईंना दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत माशांची मोठी टाकी हवी होती. आठ फूट लांब, अडीच फूट रुंद, अडीच फूट उंच. बाजारात तयार मिळते तशी नव्हे, भिंतीच्या मापाने बनवून घेतलेली. खाली कपाट आणि कपाटात सम्प, म्हणजे दुसरी छोटी टाकी. वरचं पाणी ओसंडून पाइपातून सम्पमध्ये उतरणार, तिथे गाळलं जाणार आणि पंप ते पुन्हा वर चढवणार. वरच्या टाकीत नुसते मासे नि झाडं दिसायला हवीत, यंत्राचा मागमूस नको. बाईंची आणखी एक अट होती. "पाणी पडल्याचा आवाज नको. माझे पेशंट आधीच घाबरलेले असतात."

काचकाम अर्थातच मेव्हण्यांकडे गेलं. हे बायकोचे थोरले भाऊ. ती दादा म्हणते म्हणून तोही दादाच म्हणायचा. तीस वर्षं काच कापण्यात गेलेली. बोलणं मोजकं, हात अतिशय स्थिर. काचेला काच जोडताना सिलिकॉनची शिवण अशी घालायचे की बोट फिरवलं तरी जोड कुठे आहे ते कळू नये.

दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून आखणी केली. बायको चहाचे कप कागदाच्या कडेकडेने ठेवत होती. आवाज नको म्हणून वर चढणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीखाली आठ इंच ठेवायचं ठरलं.

दादांनी पेन्सिल तिथेच टेकवली. "दाजी, वीज गेली तर? पंप थांबल्यावर याच पाइपातून पाणी उलटं खाली येईल ना?"

"येईल की. म्हणून तर पातळीच्या जरा खाली पाइपाला भोक पाडायचं. पाणी तिथवर उतरलं की भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. एवढंसं भोक, पण सगळी मदार त्याच्यावर." त्याने कागदावर ठळक गोल काढला, शेजारी 'भोक' असं लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

बसवायच्या दिवशी दवाखान्यातली सगळी मंडळी बघायला जमली. मदतनीस बाई, एक्स-रेवाली, समोरचा औषधवाला. इंचभाऊला असे प्रेक्षक मिळाले की चेवच यायचा. पाइप जोडता जोडता तो त्यांना पाणी कुठून कुठे जातं ते समजावून सांगत होता, मधेच विनोद करत होता. पंप सुरू झाला, झाडं हलकेच डोलायला लागली, आवाज अजिबात नाही. बाईंच्या चेहऱ्यावर हसू आलं.

दादा कपाटापाशी उकिडवे बसले होते. हळूच म्हणाले, "एकदा बटण बंद करून बघू या का?"

"दादा, काचेचं तुम्ही बघा, पाण्याचं माझ्यावर सोडा," तो सगळ्यांदेखत म्हणाला. लोक हसले. दादाही हसले.

बारा दिवसांनी, दवाखाना बंद असताना, रविवारी दुपारभर वीज गेली. सोमवारी सकाळी मदतनीस बाईंचा फोन आला. इंचभाऊ धावत गेला. बाहेरच्या खोलीतली लाकडी जमीन फुगून वर आलेली, खुर्च्यांचे पाय ओले, सम्प जवळजवळ कोरडा, कोरडाच फिरून पंप जळलेला. वरच्या टाकीत मासे होते, पण पाणी बरंच खाली गेलं होतं.

त्याने वरच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि पाइपावरून बोट फिरवलं. वरून खाली, पुन्हा खालून वर. पाइप गुळगुळीत होता. भोक पाडायचं राहून गेलं होतं. वीज गेल्यावर वरचं पाणी उलटं येऊन सम्प ओसंडला होता, आणि वीज आल्यावर उरलेलं पाणी पंपाने वर खेचून घेतलं होतं.

मदतनीस बाई फडकी आणायला आत गेल्या होत्या. त्याने पाइपाचा वरचा तुकडा काढला, पिशवीतल्या ड्रिलने भोक पाडलं, कडा पुसल्या आणि तुकडा परत बसवला. मिनिटभराचं काम. आपण काय करतोय याचा विचार त्याने त्या मिनिटात केला नाही, असं तो पुढे स्वतःला कितीदा तरी सांगायचा. पण प्लास्टिकचा पडलेला भुगा त्याने बोटाने टिपून खिशात टाकला होता. विचार न करणारा माणूस भुगा कशाला टिपेल?

डॉक्टरीणबाई आल्या. फुगलेल्या जमिनीकडे बघून म्हणाल्या, "कशामुळे झालं हे?"

"सम्पची शिवण सुटली असणार मॅडम. काचेच्या जोडातून पाणी गेलंय," त्याच्या तोंडून निघून गेलं.

दुपारी दादा आले. पालथे पडून त्यांनी कपाटात डोकं घातलं. इंचभाऊ टॉर्च धरून उभा होता. दादांनी चारही शिवणींवरून नख फिरवलं, कागदाचा तुकडा सरकवून बघितला, काचेला कान लावला.

"मला फट सापडत नाही," ते म्हणाले. "पण पाणी काही उगाच बाहेर येणार नाही." मग त्यांनी धडधाकट शिवण पात्याने खरवडून काढली आणि नवी घातली. संध्याकाळपर्यंत त्यांची पाठ धरली. निघताना त्यांनी बाईंची हात जोडून माफी मागितली. इंचभाऊने टॉर्च विझवला आणि खिशात ठेवला.

पुढच्या रविवारी दादा जेवायला आले. ताटावर बसल्यावर, भाचीच्या, म्हणजे इंचभाऊच्या मुलीच्या, देखत म्हणाले, "दाजी, माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं. मला कसं तरीच वाटतंय."

घास त्याच्या हातातच राहिला. तेव्हा बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "जाऊ द्या दादा, होतं एखाद्या वेळी."

म्हणजे त्याने त्यांना माफसुद्धा करून टाकलं. बायकोने नवऱ्याच्या मोठेपणाचं कौतुक वाटून त्याला आग्रहाने वाढलं. ते जेवण त्याला कसं गेलं ते त्याचं त्यालाच ठाऊक.

दादांनी त्यानंतर टाकीचं एकही काम घेतलं नाही. आरसे आणि फोटोच्या काचा, बस. एकदा बायको सांगत आली, "दादा म्हणतो, आता हात राहिला नाही. आज त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डोळे ठणठणीत आहेत म्हणाले. तर आता म्हणतो, हातच थरथरत असतील, मला कळत नसेल." ती निवडत असलेली भाजी तशीच ठेवून बसली. "हात समोर धरून बघत बसतो हो."

इंचभाऊ बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून उभा राहिला.

चार महिने असे गेले. मग एका सकाळी दादांनी भाचीबरोबर एक खोकं पाठवलं. आत काच धरून ठेवायच्या पकडी, सिलिकॉनची बंदूक, गुळगुळीत करायच्या पट्ट्या. निरोप होता, 'दाजींना उपयोगी पडतील, मला आता लागत नाहीत.' ते खोकं घरात ठेवणं त्याला जमेना. तसंच उचलून तो दुकानात गेला.

दादा एका बाईंसाठी आरसा कापत होते. इंचभाऊने सुरुवात केली, "दादा, ती शिवण..." तेवढ्यात बाईंनी कडा घासून मिळतील का विचारलं. त्याला थांबावं लागलं. कडा घासून, कागदात गुंडाळून आरसा गेला, मग त्याने सगळं सांगितलं. पुन्हा पहिल्यापासून, उभ्यानेच.

दादांनी काचेचे तुकडे झाडूने एका बाजूला केले. "भोक कधी पाडलंत?"

"त्याच सकाळी. डॉक्टरीणबाई यायच्या आधी."

"म्हणजे मी शिवण खरवडत होतो तेव्हा भोक होतं."

"हो."

"आणि तुम्ही टॉर्च धरून उभे होतात."

"हो, दादा."

दादांनी झाडू कोपऱ्यात टेकवला. मग त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "धाकटीला सांगितलंत?"

"नाही."

"तिला सांगा. ती मला घेऊन दवाखाने हिंडलीय."

त्याने सांगितलं. बायको ओरडली नाही, रडली नाही. "मी तुम्हाला त्या दिवशी आग्रहाने वाढत होते," एवढंच म्हणाली, आणि पुढचे आठ दिवस कामापुरतंच बोलली. डॉक्टरीणबाईंनी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात ऐकून घेतलं. हातमोजे काढत म्हणाल्या, "त्या गृहस्थांनी माझ्यासमोर हात जोडले होते. मी त्यांना फोन करीन. तुम्ही मात्र पुन्हा इथे कामाला येऊ नका." तो मान खाली घालून बाहेर पडला.

सगळ्यात अवघड झालं ते बाहेर. नळ-पाइपाच्या दुकानात, रंगाऱ्यांच्या कट्ट्यावर, सगळीकडे दादांचा हात गेल्याची बातमी केव्हाच पोचली होती. इंचभाऊ एकेका ठिकाणी जाऊन चूक आपली होती असं सांगू लागला, तर पाइपवाला दुकानदार म्हणाला, "मेव्हण्यांना सांभाळून घेताय. मन मोठं आहे तुमचं."

"सांभाळून घेत नाही. भोक मी पाडलं नव्हतं."

"कळलं हो," दुकानदार हसत म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला सांगू लागला, "हल्ली अशी माणसं राहिली नाहीत."

इंचभाऊचे कान तापले. निघून जावंसं वाटलं. पण तो तिथेच थांबला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला आणि मग खिशात टिपून टाकलेल्या भुग्यापासून हात जोडणाऱ्या दादांपर्यंत सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. दुकानदाराचं हसू हळूहळू मावळलं. तो पाइपाच्या सांध्यांची पिशवी बांधू लागला आणि त्याने वर बघितलं नाही.

पावणेदोन महिन्यांनी दादांनी पुन्हा एक टाकी केली, एका शाळेसाठी, सहा फुटी. नळकामाला त्यांनी दुसरा माणूस घेतला. इंचभाऊला हे बायकोकडून कळलं. दादा अजूनही रविवारी जेवायला येतात, भाचीशी थट्टा करतात, त्यालाही 'दाजी, पाणी देता का' म्हणतात. कामाचा विषय तेवढा काढत नाहीत. तोही काढत नाही. तांब्या भरून आणतो, त्यांच्या ताटापाशी ठेवतो आणि आपल्या जागेवर जाऊन बसतो.